भिंतीकडे तोंड केलेलं चित्र

डोंबिवली,
रविवार, रात्री ११

प्रिय दोस्ता,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. लिहायला बसलो की मार्चअखेर आडवी यायची. शुक्रवारी ऑडिटची शेवटची फाइल हातावेगळी झाली आणि आज पंधरा दिवसांनी चित्रांच्या खोलीचं कुलूप काढलं. टर्पेंटाइनचा वास कोंडून राहिला होता. खिडकी उघडली, पंखा लावला, आणि ब्रशला हात न लावता आधी तुला लिहायला घेतलं.

तू विचारलंस, घराचं कर्ज फिटलं, अठ्ठेचाळिशी आली, आता किती दिवस नोकरी आणि चित्रं अशा दोन दगडांवर पाय ठेवणार? दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर विषय बदलला असता. पण आपण चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना एकाच बाकावर बसलो होतो. मग तू चित्रकला शिकायला जेजेला गेलास आणि दादांनी माझा बीकॉमचा फॉर्म भरला. तो सल मी फार वर्षं उराशी धरून होतो, तुला ठाऊक आहे. म्हणून तुला खरं उत्तर द्यायला हवं.

ऑफिसात कुणाला माझ्या चित्रांचं कळलं की फ्रेंच चित्रकार गोगँचं नाव निघतंच. शेअरदलालाची नोकरी सोडून चित्रकार झाला, तूही हो! पण १८८२ साली पॅरिसचा शेअरबाजार कोसळला होता आणि त्याच्या त्या धंद्यातच मंदी आली होती, हे कुणी सांगत नाही. पाच मुलं आणि बायको शेवटी कोपनहेगनला तिच्या माहेरी राहिली, तेही नाही. मला जवळचे वाटतात ते आपले चित्रकार प्रभाकर बरवे. १९६१ साली ते विणकर सेवा केंद्रात रुजू झाले, आधी बनारसला, मग मुंबईत. कापडाची डिझाइनं करत कित्येक वर्षं नोकरी केली आणि त्याच काळात आपली चित्रभाषा घडवली. २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात, एनजीएमएत, त्यांचं मोठं प्रदर्शन लागलं होतं, तेव्हा मी दोन शनिवार तिथे काढले. एनॅमल रंगातली ती शांत, रिकामी जागा बघताना एकदाही मनात आलं नाही की हा माणूस कुठेतरी हजेरी लावून येत होता.

वेळेचं म्हणशील तर ती माझी खरी अडचण नाही. तैलरंगाला माझा आठवडा मानवतो. शनिवारी-रविवारी थर द्यायचा, सोमवार ते शुक्रवार तो वाळतो. अंबर, म्हणजे तो मातकट तपकिरी, मिसळलेला थर दोन-तीन दिवसांत हाताला लागेनासा होतो. टिटॅनियम व्हाइट हा पांढरा आठवडाभर चिकट राहतो, पावसाळ्यात तर त्याहून जास्त. घाईने वर पातळ थर चढवला तर पुढे भेगा पडतात. नोकरी नसती तर मी बुधवारीच हात घातला असता. आणि अमूर्त चित्रं करणारे वासुदेव गायतोंडे तर पूर्णवेळ चित्रकार असूनही वर्षाला मोजकीच चित्रं करायचे. आठवड्याला किती तास मिळतात, या हिशोबात मी आता पडत नाही.

अडचण वेगळीच आहे, आणि ती मला उशिरा कळली. ४ मे २०२२ आठवतो? तुला कशाला आठवेल! त्या दिवशी भर दुपारी, ठरलेली बैठक नसताना, रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, ४ वरून ४.४० टक्के केला. दर चढला की हातातल्या सरकारी रोख्यांची किंमत पडते. आमच्या रोख्यांच्या खरेदी-विक्रीच्या डेस्कवर जे विकता येईल ते विकून हातातला साठा हलका करायची धावपळ झाली. तोट्याची मर्यादा आली की विचार करायचा नसतो, बाहेर पडायचं असतं. वीस वर्षांत हे अंगात भिनलंय. उघडा सौदा घेऊन रात्र काढायची नाही, बाजार बंद व्हायच्या आत मिटवायचं.

त्या रात्री घरी न जाता इकडेच आलो. पाच बाय चारचा तो करडा कॅनव्हास, तू दिवाळीत पाहिला होतास, दीड महिना चालला होता. उजवीकडच्या वरच्या कोपऱ्यात काहीतरी उघडं पडत होतं, ते काय आहे हे मलाही कळलं नव्हतं. मी रोलर घेतला आणि वीस मिनिटांत तो कोपरा गप्प केला. रंगाचा तोल साधला, सगळं बसलं, सही केली. पहाटे पाहिलं तर चित्र मेलेलं. मी त्यातून बाहेर पडलो होतो, रोख्यातून पडतो तसा.

मग जुनी चित्रं एकेक काढून पाहिली. निम्म्याहून जास्त तशीच मिटवलेली. सुरेख आहेत, पण जिथे भीती वाटली तिथे हात फिरलेला दिसतो. नोकरीने माझी संध्याकाळ खाल्ली असती तर मी तक्रार केली असती. तिने माझ्या हाताला वळण लावलंय, आणि ते सोडवणं राजीनाम्याने होणारं नाही.

उलट पगारच मला एक मोठी गोष्ट देतो. चित्र अर्धवट ठेवायची मुभा! मध्यंतरी एका गॅलरीवाल्यांनी कामं पाहिली, बराच वेळ पाहिली, आणि मग मी काय करतो ते विचारलं. ऐकल्यावर म्हणाले, 'म्हणजे छंद.' फार लागलं मला ते. दोन रात्री झोप नाही. पण ती चित्रं विकली गेली नाहीत म्हणून घरात काही अडलं नाही, आणि त्यातल्या तीन चित्रांवर मी पुढे वर्षभर काम करू शकलो. प्रदर्शनाची तारीख जवळ आली की तुला काय काय पुरं करून टाकावं लागतं, ते तूच मागे लिहिलं होतंस. ते पत्र मी जपून ठेवलंय.

याची किंमत घरच्यांनी मोजलीय, ते लपवत नाही. बायको एकदा शांतपणे म्हणाली, 'तू घरात असतोस तेव्हाही भिंतीकडे बघत असतोस.' लेकीचे कितीतरी रविवार माझ्याविना गेले. आता तीच कधीकधी इकडे येऊन बसते, अभ्यास करते, चित्राबद्दल अवाक्षर बोलत नाही. तिच्या असण्याने हात सावकाश चालतो.

तर नोकरी सोडत नाहीये. सध्या एकच नेम पाळतोय: ऑफिसातून सरळ खोलीवर यायचं नाही. आधी घरी, आंघोळ, जेवण. आणि आलो तरी पहिला तासभर रंगाला हात लावायचा नाही, नुसतं बसायचं. डेस्कवरची घाई उतरायला तेवढा वेळ लागतो.

तो करडा कॅनव्हास मी फेकला नाही. कोपऱ्यातला थर सुरीने खरवडतोय, थोडा थोडा. खालचा जुना अंबर दोन ठिकाणी दिसायला लागलाय. सही पुसली. मध्ये सहा महिने त्याला भिंतीकडे तोंड करून ठेवलं होतं, आज लिहिता लिहिता परत वळवला. मे महिन्यात येशील तेव्हा आधी तोच दाखवतो. तू काही बोलू नकोस, नुसता शेजारी बस. आणि येताना तुझ्याकडचं ते जाड कापड चार मीटर आण, इथलं पावसाळ्यात फार सैल पडतं.

तुझाच,
बाकावरचा सोबती