चहापुडीच्या दुकानातल्या काकांना

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

बेळगावच्या बाजारात 'कडक पूड द्या' म्हणणाऱ्या गिऱ्हाईकाला तुम्ही आधी विचारता, "कडक म्हणजे रंग पाहिजे, का तुरट पाहिजे?" त्या प्रश्नासाठी हे जाहीर आभार.

रंग आणि तरतरी पाण्यात लवकर उतरते, तुरटपणा मागाहून येत राहतो. चहा फिका झाला तर पूड वाढवा, उकळत ठेवू नका, हे तुमच्यामुळे कळलं. तुमचं मापही पक्कं आहे: 150 मिली पाण्याला आधण आलं की 2.5 ग्रॅम दाणेदार पूड, 2 मिनिटं उकळी, मग 50 मिली तापवलेलं दूध, एक उकळी आली की गाळायचं. इथून पुढं एका वेळी एकच गोष्ट बदलायची. एकदा पूड 3 ग्रॅम, वेळ तीच. पुढच्या खेपेला पूड तीच, वेळ 3 मिनिटं. दोन्ही एकदम बदललं की चव कशानं फिरली ते कळत नाही. आणि चमच्यावर विसंबायचं नाही. बारीक डस्ट चमच्यात दाबून बसते, जाड दाणा कमी मावतो, म्हणून काट्यावर तोलायचं.

पूड बदलण्याआधी पाणी बदलून बघा, हा सल्ला तर फारच मोलाचा. बोअरच्या जड पाण्यात चहा काळपट होतो, वर तवंग धरतो, वास दबतो. तीच पूड राकसकोप जलाशयाच्या नळाच्या पाण्यात उजळ उतरते.

बेळगाव सुमारे 750 मीटर उंचीवर, त्यामुळं इथं पाणी 97-98 अंशांनाच उकळतं. आसामच्या दाणेदार पुडीला तेवढं पुरतं. दार्जिलिंगच्या पानाला मात्र तेही जास्त होतं: पाणी उतरवून दोनेक मिनिटं थांबायचं, मग पानांवर ओतून 3 मिनिटं झाकायचं. दूध नको.

आलं आधी पाण्यात उकळून घ्यायचं, कारण कच्च्या आल्याच्या रसानं दूध फाटतं. आपल्या ऊसपट्ट्यात गुळाचा चहा घरोघरी होतो आणि तोही फाटतो, कारण गूळ उकळत्या दुधात पडतो. गूळ कपात घालून वर चहा गाळायची तुमची पद्धत आता आमच्या गल्लीत रुळली आहे.

निलगिरीची पूड आली की 100 ग्रॅम बाजूला ठेवा. तीही याच मापानं लावून बघायची आहे.

आपले,
शहापूर-वडगावकडचे गिऱ्हाईक