सोलापूरच्या सिस्टर काकू, तुमची चादर आमच्याकडे आहे

काकू,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे पत्र असं चारचौघांत लिहावं लागतंय. खुणा सांगते, बघा आठवतंय का. २०२३ चा जानेवारी, भुवनेश्वरहून मुंबईला निघालेली कोणार्क एक्स्प्रेस, थ्री एसीचा डबा. तुम्ही आणि तुमच्या जाऊबाई पुरीचं दर्शन करून परतत होतात. जाऊबाई सोलापूर येईपर्यंत झोपूनच होत्या. समोर आम्ही दोघं, आणि दुपट्यात गुंडाळलेली तेरा आठवड्यांची एक मुलगी. ती आमच्या हातात येऊन तेव्हा जेमतेम चार तास झाले होते.

हे शेवटचं वाक्य मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. उलट सगळ्या डब्याला थाप मारली होती, की माहेर भुवनेश्वरचं, बाळंतपणाला आले होते, आता सासरी पुण्याला चाललेय.

का मारली, ते अजून नीट कळलेलं नाही. लाज वाटत होती असं नाही. ‘कारा’कडे, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेकडे, नाव नोंदवून साडेतीन वर्षं झाली होती, घरी, शेजारी, ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. फोटो आणि वैद्यकीय अहवाल आला, हो म्हणायला ४८ तास होते, आम्ही चाळीस मिनिटांत हो म्हटलं. त्यातली तीस मिनिटं पासवर्ड आठवण्यात गेली. तिला सर्दी होती म्हणून तिथल्या डॉक्टरांनी विमान नको, गाडीनेच न्या म्हटलं, आणि तत्काळची दोन तिकिटं मिळाली. इथवर सगळं ताठ मानेने केलं होतं. पण खुर्दा रोडला चढलेल्या त्या मावशींनी बाटलीकडे बघून विचारलं, “माँ का दूध नहीं देते?” आणि तोंडातून निघून गेलं, डिलिव्हरी नुकतीच झालीय, दूध कमी आहे.

मग एका खोट्याला दुसरं. खिडकीबाहेर चिलिका सरोवर लागलं होतं, नवरा ते बाळाला दाखवायचा खुळेपणा करत होता, आणि मावशींनी विचारलं, मायका कुठलं? भुवनेश्वर, मी म्हटलं. झालं. मावशी आनंदाने ओडियात सुरू झाल्या. मला त्या भाषेतला एकच शब्द येत होता, ‘माउसी’, तोही सकाळी शिशुगृहात मुलींना सांभाळणाऱ्या बाईंकडून ऐकलेला. मी नुसती हसले. त्यांनी पुन्हा काहीतरी विचारलं. मी पुन्हा हसले. तेवढ्यात तुम्ही पेपरातून डोकं वर न काढता म्हणालात, “सिझर हुआ है उसका. सोने दो.”

मी तुम्हाला सिझर म्हटलेलं नव्हतं, काकू.

रात्री विशाखापट्टणम गेल्यावर तिने जो टाहो फोडला तो आठवला की अजून पोटात गोळा येतो. दोन डबे पलीकडची माणसं येऊन बघून गेली. आम्ही पुस्तकं वाचली होती, व्हिडिओ बघितले होते, एका बाहुलीला लंगोटसुद्धा बांधून पाहिला होता. काही म्हणता काही उपयोग होईना. तेव्हा तुम्ही उठलात, चष्मा लावलात आणि म्हणालात, “आण इकडं. तीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात काढलीत मी.”

आधी बाटली उलटी करून बघितलीत. दूध थेंबाथेंबाने पडायला हवं, ते धारेने पडत होतं. “हिच्या पोटात दुधापेक्षा वारं जास्त गेलंय.” बुचाचं भोक मोठं होतं. माझ्या पिशवीतलं दुसरं बूच लावायला लावलंत, तिला जरा उभट धरलंत, बाटली आडवी, दर थोड्या घोटांनी थांबून खांद्यावर. उरलेलं दूध मी पुढच्या वेळेसाठी झाकून ठेवत होते, ते माझ्या हातातून घेऊन बेसिनमध्ये ओतून दिलंत. उष्टं दूध तासाभराच्या वर ठेवायचं नाही, महाग असलं तरी नाही. पाणी उकळलेलंच, तीस मिलीला पावडरीचा एक सपाट चमचा, वर शीग नको आणि पातळही नको. विजयवाड्याला पहाटे नवऱ्याला थर्मास घेऊन प्लॅटफॉर्मवर पिटाळलंत. “चहावाल्याला म्हणावं, माझ्यासमोर उकळ.”

आणि मग ती झोळी. रेल्वेचं ब्लँकेट कोण जाणे कधी धुतलेलं असतं म्हणून तुम्ही घरून सोलापुरी चादर आणली होती, मरून, पांढऱ्या नक्षीची. समोरासमोरच्या दोन बर्थच्या दांड्यांना ती बांधलीत, गाठीला स्वतः लोंबकळून बघितलंत (आणि जाऊबाई एकदाच डोळे उघडून “पडशील गं” म्हणाल्या) आणि तिला आत ठेवलंत. गाडीच्या हेलकाव्याने झोळी आपोआप हलत होती. पाच मिनिटांत ती झोपली. तुम्ही मात्र रात्रभर झोळीच्या काठावर एक हात ठेवून बसून होतात.

तेव्हाच विचारलंत, “जन्माला वजन किती होतं गं हिचं?”

माझी बोबडी वळली. काकू, कुठली आई हे विसरते? आकडा फायलीत होता. फाईल उशीखाली होती, पण सगळ्यांदेखत काढून कशी बघणार? पाच वर्षांखालच्या मुलाला रेल्वेचं तिकीट लागत नाही, त्यामुळे डब्याच्या चार्टवर आमची दोनच नावं होती. ती आमची आहे याचा गाडीत एकमेव पुरावा म्हणजे ती निळी फाईल, म्हणून मी तिच्यावरच डोकं ठेवून पडले होते. “आठवत नाही,” मी म्हटलं. तुम्ही एक क्षण माझ्याकडे बघितलंत. मग म्हणालात, “बरं. चौदाव्या आठवड्याची लस चुकवू नको. पुण्याला पोचल्या पोचल्या.”

पुढे दिवसभर तुम्ही एकही प्रश्न विचारला नाहीत. सिकंदराबाद गेलं, वाडी गेलं, कलबुर्गी गेलं. मावशी मधूनमधून माझ्याकडे बघायच्या, की तुम्ही त्यांना पुरीच्या गर्दीच्या गोष्टी सांगायला लागायचात.

सोलापूर यायच्या आधी तुम्ही मला उभं केलंत. मी पंजाबी ड्रेसमध्ये, दोन दिवस केसाला फणी नाही. “ओढणी पसर,” म्हणालात, आणि पुरीहून आणलेला नारळ आणि खाजाचा पुडा माझ्या ओटीत घातलात. साडेतीन वर्षं मी लोकांच्या डोहाळजेवणांत आणि बारशांत ताटं उचलायचं काम काढून स्वयंपाकघरात थांबायचे. माझी बाळंतिणीची ओटी चालत्या गाडीत, तांदळाऐवजी खाजा घालून भरली जाईल असं कोणी सांगितलं असतं तर हसले असते. तुम्ही चादर सोडायला हात घातलात, आत बघितलंत, आणि हात मागे घेतलात. “झोपलेल्या लेकराला उठवायचं नसतं. राहू दे.”

उतरताना माझ्या कानाशी म्हणालात, “दूध नाही म्हणून जिवाला लावून घेऊ नको. आणि कागद नीट सांभाळ.”

कागद म्हणालात तुम्ही. गाडी हलली तरी मी दारातच होते.

पुण्यात सासूबाईंनी रात्री भाकरतुकडा ओवाळून टाकला, दुसऱ्या दिवशी लस झाली, पुढे जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीचा दत्तक आदेश आला आणि जन्मदाखल्यावर आमची नावं लागली. लोक अजून विचारतात, हॉस्पिटलातून थेट नाही का मिळालं, अगदी दोन दिवसांचं? नाही. जन्म देणाऱ्या आईला मन बदलायला कायदा साठ दिवस देतो, ते तिचे असतात. त्यानंतरच बाल कल्याण समिती बाळाला दत्तक द्यायला मोकळं ठरवते. थेट देतो म्हणणारा कोणी भेटला तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

इतक्या उशिरा लिहायचं कारण सांगते. घरी भेटीला येणाऱ्या समाजसेविका ताईंनी पहिल्याच भेटीत बजावलं होतं, की तिला कळायला लागायच्या आधीपासूनच तिची गोष्ट सांगत राहा, म्हणजे एक दिवस बसवून सांगावी लागणार नाही. त्यामुळे रोज रात्री आमच्याकडे आगगाडीची गोष्ट असते. समुद्रासारखं सरोवर, रडणारं बाळ, लाल झोळी, झोळीला धरून बसलेली आजी. ती आता मध्येच “मग?” विचारते. आणि परवा त्या मावशींशी झालेलं बोलणं सांगता सांगता मी अडकले. तिच्याबद्दल या जगात पहिलं खोटं कोणी बोललं असेल तर ते मीच. ते गोष्टीत तसंच ठेवायचं असं ठरवलंय, थाप मारणारी आई आणि ती झाकणारी आजी, दोघी. पण मग तुम्हालाही खरं सांगायला हवं होतं.

चादर परत करायला हवी, पण ती आता तिच्या हातून सुटणं कठीण आहे. झोपताना काठाची दशी लागते. दशा निम्म्या उपटून झाल्यात. तुम्ही पुण्याला आलात तर नवी घेऊन ठेवेन, सोलापूरचीच.

आणि वजन. दोन किलो शंभर ग्रॅम. तुम्ही विचारलं होतं.