भायरसून कोण येतलो?

संपादक साहेब, नमस्कार.

ओटीपी विचारून पैसे गेले, लाईटबिलाची खोटी लिंक आली, अशा बातम्या आपल्या पेपरात रोज असतात आणि त्या यायलाच हव्यात, पण आमच्याकडच्या पतपेढ्या, सोसायट्या, शाळा, दवाखाने यांच्या टेबलाखाली जो सर्व्हर नावाचा डबा धूळ खात पडलेला असतो त्याच्याबद्दल कधी चार ओळी दिसल्या नाहीत, म्हणून लिहितोय. मी कुडाळात कॉम्प्युटर दुरुस्ती आणि एएमसीची, म्हणजे वर्षभराच्या देखभाल कराराची, कामं करतो.

गेल्या पावसात एका पतपेढीत यूपीएस बदलायला गेलो होतो. नाव लिहीत नाही, माणसं चांगली आहेत, गेल्या गेल्या चहा येतो. लाईट गेली, आली, सर्व्हर परत सुरू केला, सहज बघितलं तर मायएसक्यूएल ५.५, म्हणजे खात्यांची सगळी माहिती सांभाळणारा डेटाबेस. या व्हर्जनचा सपोर्ट, म्हणजे कंपनीकडून दुरुस्त्या मिळणं, डिसेंबर २०१८ मध्येच संपलाय. मॅनेजरना सांगितलं तर ते हसले, "अरे, त्येका इंटरनेट खंय आसा? भायरसून कोण येतलो?" सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावला, तो म्हणाला, सर त्यातले बरेचसे होल, म्हणजे सुरक्षेतली भोकं, लोकल आहेत, लोकल म्हणजे लो रिस्क.

माझं सगळं भांडण या 'लोकल' शब्दाशी आहे. लोकल म्हणजे चोर कुडाळचा असा अर्थ नाही. मशीनवर आधीच कसलंतरी बारीकसं खातं हातात असलं की पुरतं, मग माणूस कुठेही बसलेला असू दे. आणि इंटरनेट नाही म्हणणाऱ्या त्याच डब्यावर सभासदांचे फॉर्म भरायचं एक वेबपेज चालू होतं, कुणाच्या तरी भाच्याने कॉलेजात असताना केलेलं, त्यात फोटो अपलोड करायची सोय, आणि फोटोच्या जागी दुसरी कुठली फाइल टाकली तरी ते निमूटपणे घेत होतं, मी स्वतः टाकून बघितली. तिथून स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरला दिलेल्या हुकुमांची यादी, चालली की बाहेरचा माणूस लोकल झाला, संपलं.

पुढे काय होतं ते २०१६ साली दाविद गोलुन्स्की नावाच्या संशोधकाने दाखवून दिलंय. मायएसक्यूएल आणि त्याचीच भावंडं मारियाडीबी, पर्कोना, तिन्हीत. पहिलं होल, सीव्हीई-२०१६-६६६३ (सीव्हीई म्हणजे अशा होलांना मिळणारा जाहीर नंबर), टेबल रिपेअर करण्यातलं. रिपेअर करताना डेटाबेस एक तात्पुरती फाइल बनवतो आणि मग तिला परवानग्या लावतो, या दोन कामांच्या मधे जो डोळा मिटण्याएवढा वेळ जातो तेवढ्यात फाइल बदलायची. साधा डेटाबेस युजर होता तो सिस्टीमचा 'मायएसक्यूएल' युजर होतो, म्हणजे त्या सर्व्हरवरचे सगळेच डेटाबेस त्याचे.

दुसरं ६६६४, हे मला जास्त भारी वाटतं. डेटाबेस सुरू करणारी मायएसक्यूएलडी-सेफ नावाची स्क्रिप्ट रूट म्हणून, म्हणजे मशीनवर सगळे अधिकार असलेल्या युजरच्या नावाने, चालते (नाव सेफ!). डेटाबेस मेला की ती त्याला परत उठवते आणि उठवताना एरर लॉगची, म्हणजे चुकांच्या नोंदींची, फाइल बनवून मायएसक्यूएल युजरच्या नावावर करून देते. आता लॉगचं फोल्डर त्याच युजरचं, त्यामुळे तो खरी लॉग फाइल उडवून त्या जागी सिमलिंक ठेवतो, सिमलिंक म्हणजे दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी पाटी. समजा एसटी स्टँडवर रात्री कुणी मालवणच्या गाडीला देवगडची पाटी लावली, हमाल बिचारा पाटी वाचून पार्सल चढवणार. तसंच रूट पाटी वाचतो आणि सिस्टीमची नाजूक फाइल स्वतःच्या हाताने त्या युजरच्या नावावर करतो. वाट बघायचीही गरज नाही, डेटाबेस मुद्दाम मारायचा की स्क्रिप्ट लगेच धावत येते. लॉग सिसलॉगमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या सामाईक नोंदवहीत, जात असेल तर हे जमत नाही, आमच्या पतपेढीत फाइलमध्येच जात होता.

या सगळ्याचे पॅच, म्हणजे दुरुस्त्या, कधीच निघाले, पण सपोर्ट संपलेल्या व्हर्जनला पुढचे पॅच कोण देणार? सॉफ्टवेअरवाल्याचीही अडचण खोटी नाही, ५.७ पासून डेटाबेस कडक झाला, शून्य-शून्य तारखा घेत नाही, आणि यांच्या निम्म्या जुन्या खातेदारांच्या जन्मतारखा ००००-००-०० अशाच भरलेल्या, वर रिपोर्टच्या जुन्या क्वेऱ्या अडतात ते वेगळंच. पण ते दुरुस्त करायचं काम त्याचंच ना, एएमसीचे पैसे दरवर्षी कसले घेतो?

मी माझ्यापुरतं ते वेबपेज त्या डब्यावरून हलवलं. सॉफ्टवेअर डेटाबेसला थेट रूट नावाने जोडलेलं होतं, पासवर्ड पतपेढीचं नाव आणि पुढे १२३, त्याला वेगळा, कमी अधिकारांचा युजर करून दिला. जुने लॉग बघायला गेलो तर नव्हतेच, डिस्क भरते म्हणून कुणीतरी दर महिन्याला पुसत होतं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवायचेत आणि काही घडलं तर ६ तासांत कळवायचंय, हे तिथे कुणाच्या कानावरही नव्हतं.

३० सप्टेंबरच्या आत सोसायट्यांच्या वार्षिक सभा होतील. डिव्हिडंड किती आणि यंदा वेफर्सचं पाकीट एवढं लहान का, हे दोन प्रश्न दरवर्षी असतातच. सभासदांनी यंदा तिसरा विचारावा, आपल्या डेटाबेसचं व्हर्जन कुठलं आणि शेवटचा अपडेट कुठल्या तारखेला केला. उत्तर प्रोसीडिंगमध्ये लिहून घ्यावं. माझ्या त्या पतपेढीत अजून ५.५ च आहे, चतुर्थीनंतर बघू म्हणालेत.

आपला,
एक वाचक, कुडाळ