ते प्यायलेले नाहीत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीतला पार्किन्सनवरचा लेख वाचला. हातांची थरथर, ताठरपणा, मंद चाल, सगळं आलं. पण वर्षानुवर्षं गोळ्या घेऊन अंगाच्या ज्या आपोआप हालचाली होतात, त्या राहून गेल्या. आमच्या घरी सध्या त्याचंच जास्त चाललंय.

आमचे यजमान मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. आजाराला अकरा वर्षं झाली. सकाळी आठला शर्टाचं बटण लागत नाही. लेवोडोपाची गोळी घेतली की तासाभरात बोटं मोकळी होतात, पण मग मान-खांदे डोलायला लागतात, पाय वळवळतो. शेजारच्या काकू म्हणतात, भजनाला बसल्यागत दिसतात! आणि गंमत म्हणजे, डोलतात तेव्हाच ते चालू-फिरू शकतात. बाहेरची कामं त्याच वेळात उरकायची आणि नेमके तेव्हाच लोकांच्या नजरेला पडतात.

परवा मिरजेहून येताना बसमध्ये एकजण मोठ्यानं म्हणाला, "सकाळी सकाळीच टाकलीय वाटतं." कंडक्टरही हसला. आमचे हे तर गळ्यात तुळशीची माळ असलेला माणूस. विश्रामबाग येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

डॉक्टरांनी आम्हाला समजावलं ते असं: हालचालींसाठी लागणारं डोपामिन नावाचं रसायन मेंदूत तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात, ती तूट गोळी भरून काढते. सुरुवातीची वर्षं मेंदू ते साठवून, पुरवून वापरतो. पुढे साठवायची ताकद राहत नाही. मग गोळीचा अंमल चढला की अंग डोलतं, उतरला की आखडतं.

"गोळीनंच होतंय ना, मग बंद करा," असं सांगणारे पुष्कळ भेटतात. आम्हीही एकदा ऐकलं. दोन डोस चुकवले, तर रात्री कुशीवर वळता येईना. गोळ्या अशा एकदम थांबवणं धोक्याचं असतं, हे नंतर कळलं. आता एका वेळची मात्रा कमी केलीय, दिवसातून पाच वेळा देते, जोडीला डोलणं कमी करणारं अमान्टाडिन हे औषध. डोलणं थांबलं नाही, पण जेवताना मला ताट धरून बसावं लागत नाही.

२०१६ च्या दिव्यांग कायद्यात पार्किन्सनचा समावेश आहे. बसच्या वाहकांना निदान एवढं तरी सांगून ठेवावं. यांच्या वरच्या खिशात आता डॉक्टरांची चिठ्ठी असते. ती काढायला त्यांना वेळ लागतो, तेवढं थांबावं.

— एक वाचक, विश्रामबाग, सांगली