जानेवारीच्या जैसलमेर ट्रिपला मे महिन्याचा प्लॅन

प्रति,
मॅनेजर साहेब / कस्टमर केअर

विषय: जैसलमेर वीकेंड पॅकेज (३ दिवस २ रात्री, ५ माणसं), चुकीचा प्लॅन दिल्याबद्दल तक्रार आणि १३,००० रुपये परत मिळण्याबाबत

नमस्कार,

मी कोल्हापूरचा, शाहू मार्केट यार्डात आमची गुळाची अडत आहे. पत्र लिहायची सवय नाही, पण तुमच्या हेल्पलाइनला सात वेळा फोन करून झाला आणि दर वेळी नवीन मॅडम, नवीन नमस्कार आणि गोष्ट परत पहिल्यापासनं, म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून काढू. लांबलंय, पण पूर्ण वाचा, कारण निम्मं वाचून "सॉरी फॉर द इन्कन्व्हिनियन्स" पाठवाल तर मी परत लिहीन.

आधी एक क्लिअर करतो. माझी तक्रार जैसलमेरबद्दल नाही. हॉटेल चांगलं होतं, ड्रायव्हर तर लाख माणूस. तक्रार आहे तुम्ही दिलेल्या त्या चार पानी रंगीत कागदाबद्दल, ज्याचे तुम्ही "कस्टमाइज्ड इटिनररी चार्ज" म्हणून वेगळे ४,५०० रुपये घेतले.

डिसेंबरात मी तुमच्या कोल्हापूर ब्रँचला आलो तेव्हा तिथल्या पोराला स्पष्ट सांगितलेलं की बाबा, आम्हाला कुठं जायचं ते माहीत आहे, कसं बसवायचं ते माहीत नाही, शुक्रवार-शनिवार-रविवार एवढेच दिवस आहेत, सोमवारी मला सौद्याला उभं राहायचंय आणि मुलीची शाळा आहे, यात बसत असेल तर सांग, नसेल बसत तर तसं सांग, आम्ही एक दिवस वाढवू नाहीतर एखादं ठिकाण सोडू. आणि सगळ्यात आधी तनोट (बॉर्डरजवळचं देवीचं मंदिर) आणि लोंगेवाला लिहून घे म्हणून सांगितलेलं, कारण ही ट्रिप मुळात आबांसाठी होती. आमचे आबा चौऱ्याहत्तर वर्षांचे, मराठा लाइट इन्फन्ट्रीतनं रिटायर झालेले. १९७१ च्या डिसेंबरात लोंगेवालाला एका रात्रीत पंजाब रेजिमेंटच्या शंभर-सव्वाशे जवानांनी पाकिस्तानचे रणगाडे रोखून धरले आणि उजाडल्यावर जैसलमेरहून आपली विमानं आली, त्या वेळी आबा बेळगावला रंगरूट होते, ट्रेनिंग संपलेलं नव्हतं, ती बातमी त्यांनी तिथंच ऐकली. तेव्हापासनं ते म्हणतात, एकदा ती जागा बघायची. त्या पोरानं मान डोलावली, टाइप केलं, आणि म्हणाला, "सर, आरामात बसतंय." हे "आरामात" मला अजून आठवतंय.

आता प्लॅन बघू या, तुमचाच कागद समोर घेऊन.

शुक्रवार. विमान दुपारी एकला जोधपूर, तिथनं गाडीनं जैसलमेर, तुमच्या कागदावर "३ तास", चारला पोहोच, साडेचारला गडीसर तलावात बोटिंग. जोधपूर ते जैसलमेर २८० किलोमीटर आहे हो. म्हणजे कोल्हापुरातनं निघून लोणावळ्याच्या जवळपास. बॅगा घेऊन, जेवून, आईला मधे एकदा उतरवून, आम्ही पोचलो संध्याकाळी सातला. अंधारात गडीसर लांबनं बघितला. वाईट वाटलं पण म्हटलं ठीक आहे, रस्त्यात होतं असं.

शनिवारी मात्र डोकं फिरलं. सकाळी पटवों की हवेली, मग बाराला कुलधरा, परत शहरात जेवण, चारला किल्ला आणि आतली जैन मंदिरं, सव्वापाचला सम गावच्या वाळूच्या टेकड्यांकडं रवाना, ७.२५ ला सनसेट. ड्रायव्हरनं सकाळी कागद हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि विचारलं, "साहब, ये किसने बनाया?" मला वाटलं चेष्टा करतोय. तर त्याचं म्हणणं, कुलधरा हे ओसाड गाव शहरापासनं अठराएक किलोमीटर, समकडंच जाताना लागतं, मग दुपारी तिथं जाऊन परत शहरात कशाला यायचं आणि संध्याकाळी परत त्याच रस्त्यानं कशाला जायचं? आणि किल्ल्यातली जैन मंदिरं बाहेरच्या लोकांना सकाळीच बघू देतात, चारला जाऊन काय कुलूप बघणार का?

मी ऐकायला पाहिजे होतं. पण मी तुमच्या ब्रँचला फोन लावला, आणि तिकडनं उत्तर आलं की "सर प्लीज इटिनररी फॉलो करा, नाहीतर इन्क्लुजन्स लॅप्स होतील." म्हणून फॉलो केली. कुलूप बघितलं. आमचे अडतीतले भागीदार जैन आहेत, त्यांनी निघताना तीन-तीनदा सांगितलेलं की पार्श्वनाथाचं देरासर चुकवू नका, दगडावरची कोरणी बघून या, आत चामड्याचं काही चालत नाही म्हणून बेल्टसुद्धा हॉटेलवर ठेवून जा. मी पट्ट्याशिवाय पँट सावरत गेलो आणि दारातनं परत आलो. आबांनी बिचाऱ्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कोल्हापुरी सोडून सपाता घातलेल्या, त्याही वाया.

हवेलीला जास्त वेळ पाहिजे होता, तुमच्या कागदावर पाऊण तास. एका व्यापाऱ्यानं पाच पोरांसाठी पाच हवेल्या बांधायला काढल्या, १८०५ च्या सुमाराला, आणि पिवळ्या दगडावर सोनाराच्या हातानं करावी तशी जाळी, मी आपला व्यापारी माणूस, बघतच राहिलो. किल्लापण तसाच, ११५६ सालचा, ९९ बुरूज, आणि आत अजून माणसं राहतात, दोरीवर कपडे वाळत घातलेले, दारात गाय. वर गेलं की चौक लागतो त्याचं नाव दसरा चौक! आई म्हणाली, अगं बाई, कोल्हापूरसारखा इथं पण? दुपारी जेवणात केर-सांगरीची भाजी होती, वेटर म्हणाला सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा, आणि मुलीनं मोबाइलवर बघून सांगितलं की खेजडी म्हणजे आपली शमी. म्हणजे आम्ही दसऱ्याला पूजा करतो ती हे लोक भाजी करून खातात. चांगली लागते, आंबटसर. असो, हे तुमच्या कामाचं नाही.

तुमच्या कामाचं हे आहे. सव्वापाचला किल्ल्यावरनं निघायचं होतं, निघालो. समला ४० किलोमीटरच्या वर, म्हणजे तासभर. कागदावर सूर्यास्त ७.२५. मी निवांत. तर सहा वाजल्यावर सूर्य एकदम खाली, आणि सव्वासहाच्या आत गेला सुद्धा. आम्ही गाडीत होतो. वाळवंटातला सूर्यास्त, ज्याचा फोटो तुमच्या कागदाच्या पहिल्या पानावर आहे, तो आम्ही खिडकीच्या काचेतनं पवनचक्क्यांच्या मागं बघितला आणि तेवढ्यात मधे ट्रक आला.

कॅम्पवर गेलो तर "टेंटसमोर वाळूच्या टेकड्या" असं लिहिलेलं, टेंटसमोर होता डांबरी रस्ता. टेकड्या पुढं, जीपनं जावं लागतं, जीपचे २,५०० वेगळे. का तर सकाळचा सनराइज बघायचा. कागदावर सनराइज ६.००. म्हणून पहाटे पाचला सगळ्यांना उठवलं, सहाला वाळूवर जाऊन उभं राहिलो, आणि काळाकुट्ट अंधार. वर चांदण्या. थंडी म्हणजे पारा सात-आठवर असणार, हाताची बोटं वळत नव्हती. साडेसहा वाजले, सात वाजले. आपल्याकडं जानेवारीत सात वाजून गेल्यावर पाच-दहा मिनिटांत सूर्य दिसतो. तिथं साडेसात वाजून गेल्यावर उगवला. दीड तासावर आम्ही पाच माणसं मेंढरागत एकमेकांना चिकटून उभी. आबा तेवढ्यात फौजेतल्या गोष्टी सांगत होते, मुलगी पहिल्यांदा मोबाइल न काढता ऐकत होती, आणि तो वेळ चांगला गेला हे खरं आहे, पण तो तुमच्या खात्यात जमा धरू नका.

तिथं उभं असताना माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. सूर्योदय सहाला आणि सूर्यास्त ७.२५ ला, हे जैसलमेरला होतं कधी? मे महिन्यात होतं. घरी येऊन मी बघितलं, मेच्या मध्याला अगदी हेच टायमिंग येतं. मग शेवटचं पान काढलं, "सोबत काय घ्यावे": सुती कपडे, टोपी, गॉगल, सनस्क्रीन, ओआरएस. स्वेटरचं नाव नाही! म्हणजे आमच्या जानेवारीच्या ट्रिपला तुम्ही मे महिन्याचा कागद चिकटवला, वर फक्त आमचं आडनाव आणि तारीख बदलली. आणि मे महिन्यात चव्वेचाळीस-पंचेचाळीस डिग्रीत तिथं आपल्याकडनं जातंय कोण? म्हणजे तो प्लॅनसुद्धा कुणी खरं जाऊन केलेला नसणार. शाली-स्वेटरला तिथं ३,२०० गेले, ते मी मागत नाही, वापरात आहेत.

आता रविवार. ज्यासाठी गेलो तो दिवस. तुमच्या कागदावर: "सकाळी ८ चेकआउट, तनोट माता दर्शन व लोंगेवाला, दुपारी ३ जोधपूर एअरपोर्ट". तनोट जैसलमेरहून १२० किलोमीटर, बॉर्डरच्या बाजूला. जोधपूर जैसलमेरहून २८० किलोमीटर, बरोब्बर उलट्या दिशेला. १२० जाऊन १२० परत येऊन २८० पुढं, झाले ५२०. म्हणजे कोल्हापूरहून पुण्याला जाऊन, परत कोल्हापूरला येऊन, वर कऱ्हाडपर्यंत. सात तासांत. मधे दर्शन, लोंगेवाला आणि "वेळ मिळाल्यास शॉपिंग" असंपण लिहिलंय तुम्ही! ड्रायव्हर हात जोडून म्हणाला, "साहब, या तो तनोट, या फ्लाइट." पाच तिकिटं परत काढायची तर किती जातील याचा हिशोब मी केला, सोमवारचा सौदा आठवला, आणि आबांच्या तोंडाकडं बघितलं.

आबा काही बोलले नाहीत. तनोटच्या मंदिरात १९६५ च्या लढाईतले न फुटलेले गोळे ठेवलेत, बीएसएफचे जवान पूजा-व्यवस्था बघतात, हे सगळं त्यांनी गाडीत आईला आदल्या दिवशीच सांगून ठेवलेलं. बॅगेत बीएसएफच्या पोरांना द्यायला म्हणून दोन किलो भडंग घेतलेली, ती त्यांनी काढून ड्रायव्हरच्या हातात दिली आणि म्हणाले, चल बाबा, जोधपूर. तनोट-लोंगेवालाच्या गाडीचे ६,००० तुम्ही आधीच घेतलेत, ते अजून तुमच्याकडंच आहेत.

साहेब, यात माझा राग कुठं आहे ते नीट समजून घ्या. शनिवारी सकाळी मंदिरं आणि किल्ला, मग हवेली, दुपारी कुलधरा करून त्याच रस्त्यानं पुढं सम, असं नुसतं उलटंपालटं केलं असतं तर शनिवार सोन्यासारखा गेला असता. आणि रविवारी तनोट होत नाही हे नकाशा उघडून बघितलं तर शाळेतलं पोर सांगेल. तुम्ही सांगितलं असतं तर आम्ही समचा मुक्काम सोडला असता, नाहीतर तीन रात्री केल्या असत्या. आम्ही विचारलेलं! आमच्या धंद्यात गुळाचा रवा, म्हणजे ढेप, वरनं पिवळा धमक आणि फोडल्यावर आत काळा निघाला तर गिऱ्हाईक माघारी पाठवतं, आणि आम्ही घेतो, हुज्जत घालत नाही.

तुमचं उत्तर काय आलं, तर व्हॉट्सॅपवर अंगठा, आणि नंतर पुढच्या ट्रिपसाठी २,००० चं कूपन. पुढच्या ट्रिपला? कूपन काय तव्यावर परतून खाऊ?

मला पाहिजे ते एवढंच: इटिनररीचे ४,५००, तनोट-लोंगेवालाचे ६,०००, जीपचे २,५००, एकूण १३,०००, बँक खात्यात, पंधरा दिवसांत. सोबत इटिनररीची चारही पानं, पावत्या, ब्रँचचे मेसेज आणि जीपवाल्याची चिठ्ठी जोडली आहे. पंधरा दिवसांत झालं नाही तर मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवणार आणि नंतर ग्राहक आयोगात जाणार. २०१९ च्या कायद्याप्रमाणं मी राहतो तिथं, म्हणजे कोल्हापूरलाच केस घालता येते, मुदत दोन वर्षं आहे, आणि आमच्या १,२२,५०० च्या पॅकेजला फीसुद्धा लागत नाही. वकील आमच्या गल्लीतच आहेत, रोज संध्याकाळी कट्ट्यावर भेटतात, त्यांना ही सगळी स्टोरी पाठ झाली आहे.

आणि अजून एक, पैशाचं नाही. तो मे महिन्याचा कागद तेवढा कॉम्प्युटरमधनं काढून टाका.

आपला ग्राहक,
मार्केट यार्ड, कोल्हापूर

ता. क. कूपन या महिनाअखेर एक्स्पायर होतंय असा तुमचा मेसेज आत्ताच आला. होऊ दे.