त्या चित्रातले हात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण बाकावर बसलेल्या एका वृद्ध युरोपीय मजुराचे अम्लरेखन, म्हणजे एचिंग, छापले, त्याबद्दल आभार. त्याखाली मात्र ‘वार्धक्याची लाचारी’ अशी ओळ होती. ती मला पटली नाही, म्हणून हे पत्र.

अम्लरेखनात काळोख कुंचल्याने भरता येत नाही. तांब्याच्या किंवा जस्ताच्या पत्र्यावर मेणाचा थर देऊन त्यावर सुईने रेषा काढतात आणि पत्रा आम्लात ठेवतात; रेषा जितका वेळ आम्लात राहील तितकी खोल जाते आणि कागदावर तितकीच काळी उमटते. एखादा भाग फिका हवा असेल तर पत्रा मध्येच बाहेर काढून तेवढ्या भागावर वार्निश लावतात आणि बाकीचा पुन्हा आम्लात सोडतात. या चित्रात म्हाताऱ्याचा चेहरा फिका आहे आणि गुडघ्यांवरचे हात गडद आहेत, खिडकीचा उजेड मात्र दोन्हींवर सारखाच पडला आहे. याचा अर्थ मी असा लावतो, की चेहऱ्यावर वार्निश लावून चित्रकाराने हात मुद्दाम आम्लात जास्त वेळ ठेवले. त्याला जे सांगायचे आहे ते हातांत आहे, आणि ओळ लिहिणाऱ्याने पाहिली ती खाली गेलेली मान.

मान तर आमच्या जालन्याच्या मोंढ्यातही दुपारी सौदे आटोपल्यावर थप्पीला टेकून बसलेल्या हमालाची अशीच खाली गेलेली असते. पोते पाठीवर घेताना पाय कुठे रोवायचा हे त्याला नेमके ठाऊक असते, आणि ते पाहिलेला माणूस त्याला लाचार म्हणणार नाही.

दुसरी गोष्ट खांद्याची. सोबतच्या मजकुरात ‘झुकलेला डावा खांदा’ असा उल्लेख आहे. पण पत्र्यावरचे चित्र कागदावर उलटे उमटते. या म्हाताऱ्याच्या कोटाची उजवी बाजू डावीवर आलेली दिसते, पुरुषांच्या कोटाची रीत नेमकी याच्या उलट असते. तेव्हा चित्रकाराने माणूस समोर बसवून थेट पत्र्यावरच रेखाटन केले असावे, आणि झुकलेला खांदा प्रत्यक्षात उजवा, म्हणजे बहुधा ओझ्याचा, असावा.

वास्तववादी चित्रकारांनी श्रमिकाला दयेसाठीच रंगवले असे आपण फार सहज गृहीत धरतो. फ्रेंच वास्तववादी चित्रकार कूर्बेच्या १८४९ च्या खडी फोडणाऱ्यांच्या चित्रात म्हाताऱ्याचा चेहरा टोपीच्या सावलीत आहे आणि सोबतच्या तरुणाने तर पाठच केली आहे. समोर दिसते ते काम. त्याच्या कितीतरी आधी, १६३० मध्ये, डच चित्रकार रेम्ब्राँने टेकाडावर बसलेल्या भिकाऱ्याचे अम्लरेखन केले आणि त्या भिकाऱ्याला चेहरा दिला तो स्वतःचा. रेम्ब्राँ वास्तववादी पंथाचा नव्हे, हे मान्य. पण याला वरून टाकलेली कणव कसे म्हणावे?

एक विनंती. छपाईच्या दाबाने पत्र्याच्या कडेची जी खूण कागदावर उमटते, ती आपण मांडणीत कापून टाकली आणि तिच्याबरोबर उजव्या हाताची दोन बोटेही गेली. मूळ छायाचित्र उपलब्ध असल्यास ते पुढील अंकात चारही कडांसह छापावे.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक, जालना