आदिजेच्या काठाने

वेरोना, सप्टेंबर

ती. अण्णा आणि प्रिय आई,
सा. न. वि. वि.

काल संध्याकाळी वेरोनाला सुखरूप पोहोचले. नाक आणि मनगटं उन्हाने भाजलीत, बाकी सगळं ठीक. आई, फोनवर तू सारखं विचारत होतीस, की आल्प्समधून सायकल म्हणजे सगळा चढच ना गं? तर नाही. चढ मी बसला करायला लावला. ऑस्ट्रियातल्या लांडेकपर्यंत रेल्वेने गेले आणि तिथून सायकल नेऊ देणाऱ्या बसने वर. रेशेन खिंड साधारण 1,500 मीटर उंचीवर आहे, वेरोना 60 मीटरच्या आसपास. मधलं सुमारे 300 किलोमीटरचं अंतर आदिजे नदी उतरते आणि सायकलचा रस्ता तिच्या काठाकाठाने जातो. या वाटेवरचा रोमन रस्ता सम्राट क्लॉडियसने इ.स. 46-47 मध्ये पुरा केला. म्हणून आजच्या सायकलमार्गालाही 'व्हिया क्लॉडिया ऑगस्टा' म्हणतात. इटलीत पो नदीनंतर सर्वांत लांब नदी हीच, 410 किलोमीटर.

अण्णा, तुमची उभी नोकरी पाटबंधाऱ्यात गेली, म्हणून पुढचं मुख्यतः तुमच्यासाठी.

खिंड ओलांडली की लगेच रेशेनचं धरण लागतं. पाण्यातून चर्चचा मनोरा वर आलेला दिसतो. चौदाव्या शतकातला मनोरा, खाली ग्राउन नावाचं गाव. 1950 मध्ये वीजनिर्मितीसाठी पाण्याची पातळी वाढवली तेव्हा ग्राउन पूर्ण गेलं, शेजारच्या रेशेन गावाचाही बराच भाग गेला. 163 घरं आणि 523 हेक्टर जमीन. हा मुलूख पहिल्या महायुद्धापर्यंत ऑस्ट्रियाचा. लोकांची भाषा जर्मन, आणि पातळी वाढवण्याची नोटीस लागली ती इटालियनमध्ये. हरकत घ्यायला वाचता तर आली पाहिजे! गावचा पाद्री थेट पोपला भेटून आला, तरी उपयोग झाला नाही. आता तिथे मोठा वाहनतळ आहे, आणि मनोऱ्याकडे पाठ करून फोटो काढणाऱ्यांची रांग. मला पळसदेवचं देऊळ आठवलं. उन्हाळ्यात उजनी धरणाचं पाणी उतरलं की आपलीही माणसं असेच फोटो काढायला जातात. आजीचं माहेर त्याच पाण्यात आहे, पण ती त्या बाजूला फिरकत नाही. का, ते मला तिथे कळलं असं म्हणणार नाही. पण मी फोटो काढला नाही.

खाली उतरल्यावर फिंशगाउ खोरं सुरू होतं. दोन्ही बाजूंना तीन हजार मीटरचे डोंगर, वर बर्फ, आणि मधे पाऊस वर्षाला जेमतेम 500 मिलिमीटर. म्हणजे सह्याद्रीच्या आडोशाला आपलं इंदापूर, तसं हे. ढग डोंगरांवरच रिकामे होतात. म्हणून इथल्या लोकांनी शेकडो वर्षांपूर्वीच ओढ्यांचं आणि हिमनद्यांचं पाणी डोंगरउतारावरून पाटाने आणलं. पाटाला वाल म्हणतात आणि पाटकऱ्याला वालर. पाळी ठरलेली, कुणाच्या शेताला किती वेळ पाणी ते ठरलेलं, आणि भांडणंही तुम्ही सांगता तशीच. एक युक्ती तुम्हाला फार आवडेल. पाटात छोटं पाणचक्र बसवायचं, ते फिरलं की हातोडी टणटण वाजत राहते. वालर दूरवर आपल्या कामात असला तरी आवाज कानावर पडत असतो. टणटण थांबली की पाट कुठेतरी फुटला किंवा तुंबला, उठा आणि चाला. तुमच्या काळात अशी एकेक हातोडी प्रत्येक चारीवर असती, तर रात्री-अपरात्री बॅटरी घेऊन फिरणं वाचलं असतं. (आणि दारं परस्पर फोडणारे आधी हातोडीच काढून नेते, हे तुमचं उत्तर मला इथूनच ऐकू येतंय.) आता बहुतेक पाटांची जागा पाइप आणि तुषार सिंचनाने घेतली आहे. जुन्या पाटांच्या कडेच्या पायवाटांवर लोक फिरायला येतात.

दादाला सांगा, तुषारचा इथला उपयोग पाणी देण्यापुरता नाही. वसंतात सफरचंदाला फुलोरा येतो आणि रात्री गोठवणारी थंडी पडायची भीती असते. तेव्हा हे लोक रात्रभर झाडांवर पाणी उडवतात. पाणी गोठताना उष्णता सोडतं, म्हणून फुलावर बर्फाचं कवच चढतं, पण आतलं फूल शून्याच्या आसपास राहून वाचतं. पाणी मात्र मधेच बंद करायचं नाही, नाहीतर सगळं गेलं. नाशिकचे द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवतात, हे लोक थंडीवर थंड पाणीच ओततात!

सध्या तोडणी चालू आहे. कित्येक किलोमीटर रस्ता बागांमधूनच जातो, हात लांबवला तर सफरचंद हाताला लागेल असा. (लांबवला नाही, आई.) शेतं लहान, एकेकाची सरासरी अडीच-तीन हेक्टर. तरी युरोपातल्या दर दहा सफरचंदांतलं जवळपास एक या दक्षिण तिरोल प्रांतातलं असतं. कारण बहुतेकांचा माल सहकारी संस्थांकडे जातो. प्रतवारी, शीतगृह, विक्री सगळं संस्थेचं. एका बागायतदाराला मी म्हटलं, आमच्याकडे असे साखर कारखाने आहेत. त्याचा पहिला प्रश्न, पैसे वेळेवर देतात का? मी विषय बदलला.

मेरानच्या आधी नागमोडी उतार आहे, तिथे ब्रेक दाबून दाबून बोटं आखडली. खोऱ्यात छोटी रेल्वेही आहे. 1990 मध्ये बंद पडलेली ही लाइन प्रांत सरकारने 2005 मध्ये पुन्हा सुरू केली. लोक सायकलने उतरतात आणि गाडीने वर जातात. सत्तरी ओलांडलेली जोडपी बॅटरीच्या सायकलींवर मला मागे टाकून जात होती. आई, तुझ्या गुडघ्यांची सबब इथे चालायची नाही.

बोल्झानोपासून पुढे ट्रेंटोपर्यंतचा भाग खरं सांगायचं तर कंटाळवाणा. एकोणिसाव्या शतकात दलदल सुकवायला नदी सरळ केली, ट्रेंटो शहरात तर पात्रच बाजूला हलवलं. त्यामुळे बांधावरून नाकासमोर रस्ता, शेजारी महामार्ग आणि मालगाड्या. वर दुपारनंतर गार्डा सरोवराकडून 'ओरा' नावाचा वारा सुटतो, दक्षिणेकडे जाणाऱ्याच्या बरोब्बर तोंडावर. म्हणून पहाटे निघायचं आणि जेवणाच्या वेळेपर्यंत मुक्काम गाठायचा. सालोर्नोपाशी खोरं चिंचोळं होतं. त्याच्या पुढे पाट्यांवरची जर्मन नावं संपतात आणि कॉफी एकदम स्वस्त होते.

रोव्हेरेतोच्या खाली मोरी गाव आहे. तिथून सुमारे दहा किलोमीटरचा बोगदा डोंगराखालून गार्डा सरोवरात जातो. 1882 मध्ये वेरोना पुराने उद्ध्वस्त झालं होतं. तसा पूर आला की दारं उघडून सेकंदाला 500 घनमीटरपर्यंत पाणी तलावात सोडता येतं. 1959 मध्ये हा बोगदा पूर्ण झाला. नदीच्या बाजूने काही विशेष दिसत नाही, पण मी तुमच्या वतीने थांबून आले.

उद्या ब्रेनरवरून म्युनिकची गाडी आहे. सायकलचं तिकीट वेगळं काढावं लागतं, ते काढलंय. सोमवारपासून ऑफिस. आजीच्या चष्म्याचा नंबर आणि दादाच्या ठिबकचं कोटेशन, दोन्ही पाठवा. पैसे मी देईन, दादाला आधीच सांगा, वाद घालू नकोस.

आजीला साष्टांग नमस्कार. चिंटूला सफरचंदं मिळणार नाहीत, विमानतळावर काढून घेतात. चॉकलेट आणते.

तुमची,
मीनल